कोर्टाच्या हिशेबात ५७

एका सकाळी ३२ पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेले. आपल्याकडे जिल्ह्याच्या पत्रकार परिषदेला इतके वार्ताहर आले, तर गर्दी झाली म्हणतात. अख्ख्या जगात पत्रकारांचा एका घटनेत एवढा संहार आधी कधी नोंदला गेला नव्हता.

तारीख २३ नोव्हेंबर २००९. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडचा मागिंदानाओ प्रांत, अम्पातुआन घराण्याची जहागीरच म्हणा. त्यांच्याविरुद्ध गव्हर्नरपदाला उभं राहायचं इस्माएल मांगुदादातु यांनी ठरवलं. जिवाला धोका होता, म्हणून उमेदवारी अर्ज घेऊन त्यांनी पत्नी, बहिणी आणि वकिलांना पाठवलं, सोबत पत्रकार. बायकांवर आणि बातमीदारांवर कुणी हात टाकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो सपशेल चुकला.

शंभरावर बंदूकधाऱ्यांनी ताफा अडवून डोंगराकडे वळवला. ५८ जण ठार झाले. त्यांत त्या रस्त्यानं सहज निघालेले वाटसरूही होते. माणसांबरोबर त्यांच्या गाड्याही पुरल्या. खड्डे खणणारा पोकलेन प्रांतिक सरकारच्या मालकीचा होता. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो या पोकलेनचा. जनतेच्या पैशाचं यंत्र जनतेलाच गाडायला!

आरोपी १९७. निकाल लागला १९ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे ३,६७८ दिवसांनी. निकालपत्र ७६१ पानांचं. अम्पातुआन बंधूंना ५७ खुनांबद्दल जन्मठेप झाली.

मेले ५८, खून ५७. कारण एका वयस्कर छायाचित्रकाराचा मृतदेह सापडलाच नाही. घटनास्थळी दातांची कवळी मिळाली, ती त्याचीच असं घरचे सांगत राहिले. न्यायालयाला तेवढा पुरावा पुरला नाही. दहा वर्षं त्याची मुलगी एकच मागत होती: माझ्या वडिलांना मोजा.

निकालाच्या दिवशीही सुमारे ८० आरोपी फरार होते. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरात पत्रकारांच्या दर १०० हत्यांपैकी साधारण ८५ प्रकरणांचा छडाच लागलेला नाही. मागिंदानाओची गणना उरलेल्या १५ मध्ये करावी लागते, न्याय मिळालेल्यांमध्ये.