खवलचोर (मासा)

खवलचोर (शास्त्रीय नाव: पॅकिप्टेरस खवलचोर) हा कृष्णा नदीच्या खोऱ्यात आढळणारा गोड्या पाण्यातील एक लहान मार्जारमीन आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. इतर माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खाण्याच्या सवयीवरून त्यास हे नाव पडले. मार्जारमीनांच्या अंगावर स्वतःचे खवले नसतात, त्यामुळे हे नाव दुहेरी अर्थाने समर्पक ठरते.

नाव

प्राण्यांच्या शास्त्रीय नावातील शब्द लॅटिन किंवा ग्रीकच असावा, असे बंधन नाही. तो रोमन लिपीत लिहिलेला असणे पुरेसे असते. दख्खनमधील माशांना मराठी नावे देण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध करताना स्थानिक नावेच स्वीकारली. शिंगाळ्याचे ‘सीनघाला’ हे जातिनाम त्यांपैकीच होय.

वर्गीकरण

कुलकर्णी यांनी या माशासाठी निओट्रोपिअस ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्थापन केली. याआधी १९४० मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांतील होराइक्थिस सेटनाय या माशाचे वर्णन केले होते. कालांतराने खवलचोराचा समावेश पॅकिप्टेरस या प्रजातीत करण्यात आला. हे नाव स्वेन्सन यांनी १८३८ मध्ये दिले होते. दोन नावे एकाच प्रजातीची ठरल्यास आधीचे नाव ग्राह्य धरले जाते, म्हणून निओट्रोपिअस मागे पडले. जातिनाम मात्र बदलत नाही. बदललेल्या प्रजातीची खूण म्हणून वर्णनकर्त्याचे नाव कंसात लिहितात: (कुलकर्णी, १९५२). पूर्वी शिल्बिडी कुलात गणला जाणारा हा मासा आता होराबॅग्रिडी कुलात ठेवला जातो. या कुलाचे नाव ज्या होराबॅग्रस प्रजातीवरून आले, ती मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या नावाने ओळखली जाते.

आहार

खवले खाणारे मासे जगात थोडे आहेत. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील पेरिसोडस मासे हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. मार्जारमीनांत ही सवय विरळच. खवलचोर केवळ खवल्यांवर जगत नाही. तो इतर प्राणिज खाद्यही घेतो.

चिलखती मार्जारमीनांशी तुलना

अंगावर हाडांच्या तकटांचे कवच असलेले लोरिकॅरिडी कुलातील मासे मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतील असून भारतात त्यांची एकही देशी जाती नाही. शोभेचे मासे म्हणून आलेले ‘सकर’ मासे मात्र उजनी जलाशयासह भारतातील अनेक जलाशयांत पसरले आहेत. त्यांच्या जाती पोटावरील ठिपक्यांच्या व रेषांच्या नक्षीवरून ओळखल्या जातात. परंतु संकर झालेल्या माशांत ही नक्षी मिश्र असल्याने निश्चित नाव देणे कठीण होते. खवलचोरासारख्या मर्यादित क्षेत्रातील देशी माशांची नोंद ठेवताना अशी अचूक ओळख महत्त्वाची असते, कारण चुकीच्या नावाखाली नोंदलेली जाती एखाद्या नदीतून नाहीशी झाली तरी ते लक्षात येत नाही.