बेटावर जन्मलेल्याला अमेरिकेचं अध्यक्ष होता येतं का?

२००८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सिनेटने एकमताने ठराव केला, की अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले आपले सहकारी जॉन मॅकेन हे देशाचे जन्मजात नागरिक आहेत. नौदलाचा वैमानिक, व्हिएतनामच्या कैदेत पाच वर्षांहून अधिक काळ काढलेला माणूस; तरी त्याच्या नागरिकत्वाची ग्वाही द्यावी लागली. कारण मॅकेन यांचा जन्म १९३६ साली पनामा कालव्याच्या पट्ट्यातला. तो पट्टा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता, पण तिचं राज्य नव्हता.

अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षपदासाठी तीन अटी आहेत: किमान ३५ वर्षं वय, देशात १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मजात नागरिकत्व. ‘जन्मजात’ म्हणजे नेमकं काय, हे घटनेने सांगितलेलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा शेवटचा निकाल कधी दिलेला नाही. या मोकळ्या जागेत बरेच गैरसमज वाढले आहेत.

गैरसमज: पन्नासपैकी एखाद्या राज्यातच जन्म व्हायला हवा.

तसं असतं तर चार्ल्स कर्टिस उपाध्यक्ष झालेच नसते. उपाध्यक्षालाही अध्यक्षपदाच्याच अटी लागू होतात. कर्टिस जन्मले १८६० साली, कॅन्सस ‘टेरिटरी’ असताना; कॅन्सस राज्य झालं १८६१ मध्ये. १९२९ ते १९३३ ते उपाध्यक्ष होते. बॅरी गोल्डवॉटर यांचा जन्म १९०९ मधला, ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळण्याच्या तीन वर्षं आधीचा. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. गोल्डवॉटर निवृत्त झाल्यावर सिनेटमधली त्यांची जागा ज्यांनी घेतली, ते हेच मॅकेन.

गैरसमज: पोर्तो रिकोचे लोक अमेरिकेत स्थलांतरित म्हणून येतात.

शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही हे ऐकू येतं. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर १८९८ च्या पॅरिस तहाने पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे आले. घटना आपोआप तिथपर्यंत पोचते का, असा प्रश्न लगेच उभा राहिला. १९०१ पासूनच्या अनेक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: हे प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे आहेत, पण पूर्णपणे अमेरिकेत सामील झालेले नाहीत, त्यामुळे घटनेतले सगळे हक्क तिथे आपसूक लागू होत नाहीत. त्या निकालांत बेटांवरच्या लोकांना ‘परक्या वंशाचे’ मानणारी भाषा आहे, आणि त्यांचा पाया आजही पूर्णपणे उखडलेला नाही. मला यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच वाटते.

म्हणून बेटांवरच्या लोकांना नागरिकत्व मिळालं ते अमेरिकी संसदेच्या कायद्यांनी, आणि तेही टप्प्याटप्प्याने. पोर्तो रिकोला १९१७ मध्ये, डेन्मार्ककडून विकत घेतलेल्या व्हर्जिन बेटांना १९२७ मध्ये, ग्वामला १९५० मध्ये, नॉर्दर्न मारियाना बेटांना १९८६ मध्ये. पोर्तो रिकोत १३ जानेवारी १९४१ पासून जन्मलेलं मूल पहिल्या श्वासापासून अमेरिकेचं नागरिक असतं. ते मोठेपणी न्यूयॉर्कला राहायला गेलं, तर नागपूरहून पुण्याला गेल्यासारखंच. व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही.

गैरसमज: कायद्याने मिळालेलं नागरिकत्व दुय्यम, त्यावर अध्यक्ष होता येत नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक नागरिकत्व जन्माच्या क्षणी मिळतं, दुसरं पुढे अर्ज करून, शपथ घेऊन मिळवावं लागतं. चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी संसदेत बसतात, कारण प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं. अध्यक्ष मात्र त्यांना होता येणार नाही. त्यांनी नागरिकत्व नंतर घेतलं. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये जन्मलेल्या मुलीला अशी शपथ कधी घ्यावीच लागत नाही. त्यामुळे ती जन्मजात नागरिक आणि अध्यक्षपदाला पात्र, असंच बहुतेक घटनातज्ज्ञ मानतात. मलाही तेच बरोबर वाटतं.

भारताची घटना याबाबतीत जास्त उदार आहे. राष्ट्रपती ‘भारताचा नागरिक’ असावा एवढंच कलम ५८ म्हणतं. जन्म कुठला, हे विचारत नाही. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या आदेशाने तिथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व मिळालं. मनोहर पर्रीकर १९५५ साली म्हापशात जन्मले तेव्हा तिथे पोर्तुगालचा अंमल होता. पुढे ते देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांचं जन्मस्थान आड आलं नाही.

गैरसमज: उभं राहता येतं, म्हणजे मतही देता येतं.

नाही. आपल्याकडे दमण असो की लक्षद्वीप, केंद्रशासित प्रदेशातला मतदार लोकसभेत खासदार पाठवतो आणि त्या खासदाराला सभागृहात मत असतं. पोर्तो रिकोतून सुमारे ३२ लाख लोकांचा एकच प्रतिनिधी वॉशिंग्टनला जातो. विधेयकाच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या पक्षांतर्गत फेरीत बेटावरचे लोक भाग घेतात, पण नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मतदार होतो, आणि परत आला की हक्क गेला.

गैरसमज: सगळ्या बेटांचा दर्जा सारखाच.

अमेरिकन सामोआ वेगळा आहे. १९०० पासून अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या या बेटांवर जन्मलेला माणूस अमेरिकेचा ‘नॅशनल’ असतो, नागरिक नसतो. तो अमेरिकी पासपोर्ट बाळगतो, सैन्यात जातो. पण कॅलिफोर्नियात घर करूनही अर्ज करून नागरिक झाल्याशिवाय त्याला अध्यक्षासाठी मत देता येत नाही. तुलसी गॅबार्ड सामोआतच जन्मल्या आणि २०२० च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या. ते जमलं, कारण त्यांचे आईवडील अमेरिकी नागरिक असल्याने नागरिकत्व त्यांना घरातूनच मिळालं होतं. शेजारच्या घरात त्याच दिवशी सामोअन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलीला ती वाट बंद.

२०१९ मध्ये युटातल्या एका न्यायालयाने सामोआत जन्मलेले लोक घटनेनेच नागरिक आहेत, असा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो २०२१ मध्ये फिरवला. विशेष म्हणजे, सामोआच्या सरकारचाच २०१९ च्या निकालाला विरोध होता. तिथली बहुतेक जमीन कुळांच्या सामायिक मालकीची असते आणि सामोअन वंशाबाहेर ती सहसा जाऊ दिली जात नाही. नागरिकत्वाबरोबर ही व्यवस्था न्यायालयात मोडून पडेल, अशी त्यांना भीती होती. ती भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. पण जो सामोअन आज मुख्य भूमीवर राहतो, कर भरतो, त्याला दर निवडणुकीत दाराबाहेर उभं करणंही न्याय्य नाही. अमेरिकी संसदेने सामोआच्या लोकांना विचारून, त्यांच्या जमिनीच्या हमीसह, साधा कायदा करावा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. सामोअन माणसाच्या पासपोर्टवर ‘हा धारक अमेरिकेचा नॅशनल आहे, नागरिक नाही’ अशा अर्थाची नोंद आजही छापली जाते.