टाकीखालची पितळी खुंटी

आषाढात नागभीड-सिंदेवाहीपासून वैनगंगेपलीकडच्या आरमोरीपर्यंत रोवणीची घाई उडते, आणि वर्षभर निवांत उभे असलेले जुने ट्रॅक्टर केजव्हील लावून चिखलणीला बांधीत उतरतात. नेमका तेव्हाच टाकीखालचा कॉक ठिबकू लागतो. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला 86,400 थेंब होतात. म्हणजे लिटरभराहून जास्त डिझेल मातीत!

नवल असे, की या थेंबामागे जोर जवळजवळ नसतोच. टाकीतले डिझेल कॉकच्या अर्धा मीटर वर असेल, तर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम चार टक्के भरतो. खरी करामत फटीची. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाने वाढते: फट दुप्पट झाली तर गळती आठपट, तिप्पट झाली तर सत्तावीसपट. म्हणून तर महिनोन् महिने नुसता ओलसर राहिलेला कॉक एकदम गळायला लागल्यासारखा वाटतो.

अनेक जुन्या कॉकच्या पोटात आडवे भोक पाडलेली, खाली निमुळती होत गेलेली पितळी खुंटी असते. भोक नळीच्या रेषेत आले की डिझेल वाहते, पाव फेरा दिला की बंद. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याच्या नळांना अशाच काशाच्या तोट्या बसवत. खुंटी निमुळती का? सरळ दंडगोल झिजला की सैल तो सैलच. निमुळती खुंटी मात्र झिजली की स्प्रिंगच्या किंवा नटाच्या दाबाने किंचित खाली सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. मला ही कल्पना यंत्रविद्येतल्या सर्वात देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

तरीही गळतच असेल, तर टाकी रिकामी करून खुंटी काढावी, पुसावी आणि तिच्यावर पेन्सिलीने उभ्या रेघा ओढाव्यात. कोरडीच बसवून थोडी फिरवावी. रेघ पुसली गेली तिथे धातू धातूला टेकतो. रेघ शाबूत राहिली तिथून डिझेलची वाट. मग इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून हलक्या हाताने मागेपुढे फिरवत राहायचे, सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये. कारण पुढच्या फ्युएल पंपातल्या प्लंजरभोवतीची जागा अवघी दोन-तीन मायक्रॉन असते, आणि केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड!

खुंटी फिरवायच्या दांड्याशी ओल दिसली तर दोष तिथल्या ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कडीचा. रबर डिझेलमधले काही घटक शोषून फुगते आणि त्या फुगण्यानेच फट बुजवते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आले, गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 वर उतरले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत रबर फुगवणारे घटकही कमी होऊ शकतात, आणि जुने कडक रबर आकसते. कॅलिफोर्नियात 1993 मध्ये नवे डिझेल आले तेव्हा अशाच गळतीच्या तक्रारी आल्या होत्या. नवी ओ-रिंग काही रुपयांत मिळते.

कॉक परत बसवल्यावर फिल्टरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी.

आणि एक कळकळीचे सांगणे. आपल्याकडच्या डिझेलच्या वाफा किमान 35 अंशांपर्यंत पेट घेऊ नयेत, एवढीच मानकाची अट आहे. चंद्रपूरचा मे महिना 45 ओलांडतो. हे काम सकाळी, सावलीत, उघड्यावर करा. आणि विडी पेटवायची असेल तर आधी तिथून दूर जा.