गाय गाभडली, हे डॉक्टरांना सांगा

सहा-सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडते. घर हळहळते. वार अडकली असेल तर कोणीतरी उघड्या हाताने ओढून काढतो आणि मेलेले वासरू उकिरड्यावर जाते. काही आठवड्यांनी त्याच घरात एकाला ताप भरतो. संध्याकाळी चढतो, रात्री घाम फुटून उतरतो. कंबर आणि सांधे धरतात. मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्या होतात, गोळ्या बदलतात. गाय गाभडल्याचे डॉक्टरांना कोणी सांगत नाही, आणि गोठ्याची चौकशी दवाखान्यात सहसा होतही नाही.

या दोन घटनांमागे एकच जिवाणू असू शकतो: ब्रुसेला. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांच्या तापाचे कारण शोधताना डेव्हिड ब्रूस यांना तो १८८७ मध्ये सापडला. गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत तो प्रचंड संख्येने असतो. हाताला खरचटलेले असले तरी त्याला तेवढी वाट पुरते. डोळ्यांतून, श्वासातूनही तो शिरतो. दुसरा मार्ग कच्च्या दुधाचा. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे फार, पण बाधित गाय पुढच्या वेळी नीट व्याली तरी तिच्या दुधातून जिवाणू येत राहू शकतात. दूध उकळले की ते मरतात.

माणसाला औषध आहे. साधारण सहा आठवडे दोन प्रतिजैविके एकत्र घ्यावी लागतात. ताप आधीच उतरतो, म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या जातात आणि दुखणे उलटते.

जनावरावर मात्र खात्रीचा इलाज नाही. म्हणून चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदाच टोचायची लस महत्त्वाची. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. लस जिवंत जिवाणूंची असल्याने गोऱ्ह्याला किंवा गाभण गाईला देत नाहीत, आणि ती पशुवैद्यकानेच टोचावी. सुई चुकून हातात गेली तर माणसालाही बाधा होते.

गाभडलेली गाय बाजारात विकून मोकळे होणे हा नेहमीचा उपाय. त्याने रोग फक्त दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. गाय वेगळी बांधून तिचे रक्त तपासून घ्यावे. गर्भ आणि वार हातमोजे घालूनच उचलावे, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्यांना पोहोचू देऊ नये. घरातल्या गरोदर बाईला या कामापासून लांब ठेवावे.