पाणी आरशासारखं होतं, तरीही…

गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीकडे सुरतेला गेले होते. तापीपलीकडे, अडाजणमध्ये त्यांची सोसायटी. तिथे पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचा मोठा टब आहे. आत बसायला कट्टा, बाजूंनी पाण्याचे फवारे. भाच्याने त्यात मुक्कामच ठोकला आणि दुसऱ्या दिवशी चड्डीखालच्या अंगावर लाल पुरळ उठले.

"अक्का, पाणी तर आरशासारखं होतं गं!" बहीण म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच विचारले, "गरम टबात बसला होता का?" स्यूडोमोनास नावाचे जंतू केसांच्या मुळाशी शिरतात, ओला कपडा चिकटतो तिथे जास्त. बहुधा आपोआप बरे होते. तसे झालेही, पण मला चैन पडेना. १९९४ च्या प्लेगनंतर ज्या शहराने स्वच्छतेत नाव काढले, तिथे हे कसे?

टबाची देखभाल करणारा मुलगा नंदुरबारकडचा निघाला, त्यामुळे मराठीतच गप्पा झाल्या. त्याने फिल्टर काढून दाखवला. पंख्यासारख्या घड्यांचे जाड नळकांडे. घड्यांत केस, तेल, साबणाचा बुळबुळीत थर. तो दर आठवड्याला पाइपाने धूत होता. पण क्लोरीन? "तलावात टाकतो तेवढंच टाकतो, ताई."

चूक इथेच होती. फिल्टर दिसणारा मळ अडवतो. जंतू मारायचे काम क्लोरीनचे. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपते, आणि तलावाच्या मानाने पाणी मूठभर, माणसे मात्र दाटीने. म्हणून लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम क्लोरीन हवे, पीएच ७ ते ७.८, तापमान ४० अंशांच्या आत.

आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडा घासून ताजे पाणी भरतात, कानडीत त्याला 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणतात. हंड्यातले पाणी एकदाच अंगावर जाते. टबात तेच पाणी फिरत राहते, हा फरक कोणी ध्यानात घेत नाही. बाराशे लिटरच्या टबात रोज वीसजण उतरत असतील, तर पाचव्या दिवशी पाणी बदलावे, असा हिशेब आहे. इथे महिना उलटला होता!

पुरळ हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात असाच एक टब नुसता मांडून ठेवला होता. त्याच्या तुषारांतून लिजिओनेला जंतू पसरले. शेजारून चालत गेलेली माणसे न्यूमोनियाने आजारी पडली, कित्येक दगावली. टबात कोणी उतरलेही नव्हते.

बहिणीने सोसायटीच्या सभेत हे सगळे मांडले. खर्च ऐकून थोडी कुरकुर झाली. आता क्लोरीन तपासायच्या पट्ट्या आणल्यात, आकडा रोज फळ्यावर लिहितात. त्याखाली दोन ओळी: साबणाने आंघोळ करूनच उतरावे, पाच वर्षांखालील मुलांना मनाई. धाकटी भाची चार वर्षांची, ती अजून रुसून आहे.