जुने कोठार, नवे घर

मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहण्यास येणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत. अशा रेल्वेकाठच्या पेठांत आणि भोवतालच्या खेड्यांत व्यापारी व शेतकरी कुटुंबांची जुनी कोठारे, गोठे आजही दिसतात. वारसदार नाशिक-पुण्यात, दाराला कुलूप आणि माळवदावर गवत, अशी त्यांपैकी अनेकांची अवस्था आहे. ती पाडून सिमेंटचा बंगला उभारण्यापूर्वी त्यांतच राहते घर करता येईल का, याचा विचार व्हावा. इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतींचे घरात रूपांतर करण्याची परवानगी २०१४ पासून काही अटींवर सुलभ झाली आहे.

कोठाराची रचना धान्याच्या सोयीने झालेली असते: जाड भिंती, लहान झरोके, उंच जोते. उजेडासाठी खिडकी काढताना तुळईच्या टोकाखालची भिंत फोडू नये; दोन तुळयांमधील खणात जागा निवडावी. दगडमातीची भिंत ओल शोषते व बाहेर सोडते. सिमेंटच्या गिलाव्याने ती ओल आत कोंडते, म्हणून तेथे चुन्याचाच गिलावा हवा. तुळईचे टोक कुजले असल्यास शक्यतो तेवढेच बदलावे. स्नानगृह व शौचालय शेजारी स्वतंत्र बांधल्यास नळांची गळती जुन्या भिंतीत मुरत नाही. आवारात पेव असल्यास त्यात उतरू नये. बंद पेवात साचलेला वायू प्राणघातक ठरू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी व शाकंबरी नद्यांचे पाणी नांदगाव शहरात शिरले होते. पूर लागलेल्या इमारतीचा पाया अभियंत्याकडून तपासूनच काम आरंभावे.

बँकेतील अनुभवावरून सांगतो, असे काम भिंतीपेक्षा कागदावर अधिक अडते. उतारा आजोबांच्या नावावर, हिस्सेदार अनेक आणि खर्च करणारा एक, अशा स्थितीत कर्ज मिळणे कठीण होते आणि पुढे भावाभावांत वितुष्ट येते. म्हणून प्रथम वारसनोंद, मग नोंदणीकृत वाटणीपत्र वा हक्कसोडपत्र करावे. जागा गावठाणाबाहेर असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ व त्यातील दुरुस्त्यांनुसार बिगरशेती वापराची स्थिती तहसील कार्यालयात पाहून घ्यावी. गवंड्याला त्यानंतर बोलवावे.

प्रत्येक पिढीबरोबर लागणाऱ्या सह्यांची संख्या वाढते. ज्यांना सर्व हिस्सेदार नावानिशी ठाऊक आहेत, अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच हा निर्णय घ्यावा.