बोलणी गव्हाची, प्रश्न जमिनीचा

अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी एका आदेशावर सही केली आणि जगभर जाणारी त्या देशाची विकास मदत नव्वद दिवसांसाठी थांबली. पुढे १ जुलै २०२५ पासून ‘युसेड’ ही मदत वाटणारी संस्थाच स्वतंत्र संस्था म्हणून राहिली नाही. आपल्याकडे त्यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणाले, बरे झाले, भारत आता घेणारा नाही, देणारा देश आहे. कुणी राष्ट्रीय स्वाभिमानाचे दाखले दिले. आम्हांला मात्र साठ वर्षांपूर्वीची बोलणी आठवली. दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यात गव्हावरून झालेली ती बोलणी आपल्या चळवळीच्या माणसाने नीट समजून घेतली पाहिजेत. त्या बोलण्यांत ज्याच्या भुकेचे नाव पानोपानी घेतले गेले, तो माणूस त्या टेबलाजवळ कुठेच नव्हता.

आधी थोडी हकीकत. अमेरिकेत १९५४ साली ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा झाला. तिकडे गहू गोदामात मावत नव्हता आणि इकडे खायला नव्हता. १९५६ साली भारताने या कायद्याखाली पहिला करार केला. १९६० च्या मे महिन्यात अन्नमंत्री स. का. पाटील आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी चार वर्षांच्या मोठ्या करारावर सह्या केल्या. १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. मुंबईचे हेच स. का. पाटील, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची भूमिका काय होती ते आमच्या वाचकांना सांगायला नको. या गव्हाची किंमत डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायची होती. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत. त्यातले बरेचसे कर्ज म्हणून पुन्हा आपल्याच सरकारला मिळत, काही अमेरिकन वकिलातीच्या खर्चाला जात. काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांत पाठवली गेली, त्यात मराठीही होती. म्हणजे गव्हाच्या पैशावर आमच्या भाषेतली पुस्तके समुद्रापार गेली आणि गावातल्या वाचनालयाची पायरी चढायला आमच्या बापजाद्यांना बंदी होती. असो.

१९६५ च्या जून अखेरीस कराराची मुदत संपली. तोवर अध्यक्षपदी लिंडन जॉन्सन आले होते. त्यांनी लांब मुदतीचा करार करायला साफ नकार दिला. आता गहू मिळेल तो महिना-दोन महिन्यांच्या हिशेबाने, आणि भारत शेतीत काय प्रगती करतो ते पाहून. भारतात कुठे पाऊस पडला आणि कुठे नाही, याचे तपशील जॉन्सन स्वतः मागवून पाहत. जहाज सुटायचे की नाही, ते एका माणसाच्या मर्जीवर ठरू लागले. त्याच वर्षी मान्सून फसला. १९६४-६५ साली सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले धान्य १९६५-६६ साली ७ कोटी २० लाख टनांपर्यंत घसरले. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. शास्त्रीजींच्या साधेपणाबद्दल आम्हांला आदर आहे. पण ज्याला रोजच संध्याकाळी चूल पेटवायची भ्रांत, त्याने सोमवारी आणखी काय सोडायचे?

नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला अन्न व कृषी संघटनेची परिषद भरली. तिथे भारताचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांची स्वतंत्र बैठक झाली आणि २५ नोव्हेंबरला एक समझोता झाला. शेतीवरचा सरकारी खर्च वाढवायचा, रासायनिक खताचे कारखाने काढायला खासगी व परदेशी भांडवलाला वाट मोकळी करायची, अधिक उत्पन्न देणारे बियाणे, कर्ज, भाव. हा समझोता त्या वेळी उघड केला गेला नाही. डिसेंबरमध्ये सुब्रमण्यम यांनी हीच धोरणे संसदेपुढे मांडली ती सरकारची स्वतःची योजना म्हणून. सुब्रमण्यम यांच्यावर अन्याय नको. यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना मनापासून हव्या होत्या. अटी बाहेरच्या होत्या की आतल्या, यावर विद्वान अजून वाद घालतात.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींचे ताश्कंदला निधन झाले. मार्चअखेर इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. जॉन्सन यांनी तेथील काँग्रेसला संदेश पाठवून आणखी ३५ लाख टन धान्य मागितले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामच्या बाजूने शब्द टाकले आणि जॉन्सन भडकले. पुन्हा जहाजे रेंगाळू लागली. इकडे बिहारात दुष्काळ. त्या एका वर्षात एक कोटी टनांच्या घरात धान्य बाहेरून आले, हे खरे. त्या धान्याने माणसे वाचली, हेही खरे. आम्ही ते नाकारत नाही. भुकेल्याच्या तोंडातला घास कुणी दिला यावर त्याची किंमत कमी होत नाही.

पण त्या काळात दिल्लीच्या सुशिक्षित वर्गाला जो अपमान वाटला, तो आम्हांला फार बोलका वाटतो. महिन्याच्या महिन्याला हात पसरावा लागतो, देणारा आपले वागणे तपासतो, तोंडातून नको तो शब्द गेला की भाकरी अडवतो! केवढा हा संताप! अहो, हे तर येसकराच्या भाकरीचेच नियम झाले. गावकीची कामे करायची, संध्याकाळी दारोदार फिरून शिळेपाके गोळा करायचे, पाटलाची मर्जी फिरली की दार बंद. पुढच्या आठवड्याची भाकरी आज मागायची सोय नव्हती. ही व्यवस्था या देशात शतकानुशतके चालली, तेव्हा कुणाच्या राष्ट्रीय स्वाभिमानाला ठेच लागली नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या लाचारीचे मूळ खणण्यासाठी. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते, रोजची भाकरी देणारा हात जोवर दुसऱ्याचा आहे तोवर माणूस मोकळा नाही. अमेरिकेपुढे हे दिल्लीला १९६५ साली कळले. गावापुढे ते आमच्या माणसाला आधीच कळले होते.

आता दुसरी बोलणी पाहा. ती रोमला झाली नाहीत, दिल्लीतच झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान शास्त्रींना दहा मागण्यांचे निवेदन दिले. त्यात कसेल त्याला जमीन होती. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी होती. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी होती. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती होत्या. आणि चौथी मागणी होती, धान्याचे पुरेसे वाटप करा आणि वाढत्या किमती रोखा. वाचकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. मान्सून फसण्याच्या आधी, करार संपण्याच्या आधी, रोमच्या आधी एक वर्षाहून जास्त काळ, या देशाच्या भूमिहीनांनी अन्नप्रश्नावर आपला मसुदा सरकारच्या हाती दिला होता. सरकारने दाद दिली नाही म्हणून ६ डिसेंबर १९६४ पासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनापासून, सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड तेव्हा राज्यसभेत खासदार होते. १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत देशभर तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. लेकरे काखेला घेऊन बाया गेल्या. मग आश्वासने मिळाली, सत्याग्रह थांबला.

आम्ही वकिली करतो म्हणून कराराच्या भाषेत बोलतो. कायद्यात एक साधे तत्त्व आहे. जो कराराचा पक्षकार नाही, त्याला एरवी त्या करारावर हक्क सांगता येत नाही. गव्हाच्या बोलण्यांत एक पक्षकार अमेरिकेचे सरकार, दुसरा भारताचे सरकार. प्रगती मोजायची ठरली ती खताच्या टनांत, बियाण्याखालच्या एकरांत, सरकारी खर्चाच्या कोटींत. भूमिहीनाला जमीन मिळाली का, मजुरी वाढली का, हे त्या मोजपट्टीवर नव्हतेच. तीन लाख माणसे तुरुंगात जाऊन ज्या प्रश्नावर उभी राहिली, तो प्रश्न नऊ-दहा महिन्यांनी रोमच्या टेबलावर पोहोचला नाही. अमेरिकेला तो नको होता असे म्हणून आपल्या राज्यकर्त्यांना सुटता येणार नाही. वुल्फ लाडेजिन्स्की हे अमेरिकन भूमिसुधारणा-तज्ज्ञ. सधन शेती कार्यक्रमाच्या निवडक जिल्ह्यांत फिरून त्यांनी कुळांच्या स्थितीचा अहवाल लिहिला आणि आपल्या नियोजन आयोगाने तो १९६५ सालीच छापला. कुळाच्या पायाखाली जमीन नाही, कागदावर नाव नाही, तर खत-बियाण्याचा लाभ त्याच्यापर्यंत जाणार कसा, हा त्याचा मथितार्थ. अहवाल छापून कपाटात गेला.

त्या निवडक जिल्ह्यांपैकी एक तंजावर. तमिळनाडूचे भाताचे कोठार. भारतीय अन्न महामंडळ १९६५ च्या जानेवारीत स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले जिल्हा कार्यालय तंजावरलाच उघडले. उत्पादन वाढले, जमीनदाराच्या खळ्यात रास मोठी झाली. कापणी करणाऱ्या दलित मजुरांनी वाढीव मजुरी मागितली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्याच जिल्ह्यातल्या किळवेनमणी गावात एका झोपडीत जीव वाचवायला शिरलेल्या ४४ जणांना जिवंत जाळण्यात आले, त्यात बहुतेक बायका आणि मुले. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने १९७३ साली ती रद्द केली. एवढे श्रीमंत, मोटारी बाळगणारे लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटण्यासारखे नाही, असा त्या निकालातला विचार होता. कायद्याचे शिक्षण घेताना आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. प्रगतीच्या अहवालात तंजावरचे आकडे चांगलेच आले असणार.

१९७१ अखेर सवलतीचा अमेरिकन गहू बंद झाला. लगेच १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराच्या पदरात लाल मिलो पडला. आमच्या आईच्या पिढीला त्याची चव अजून आठवते आणि त्या आठवणीने तोंड वाकडे होते. तो मदतीचा नव्हता, सरकारने बाहेरून विकत घेतलेला होता. खाणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला परत दिला. हिशेब मिटला. दोन सरकारांमधला.

दुसऱ्या निवेदनाचा हिशेब कसा मिटला? संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, ही त्या दहांतली पहिली मागणी. ते लागले १९९० साली. बौद्धांच्या सवलतीही १९९० सालीच. म्हणजे सव्वीस वर्षे. जमिनीचे काय झाले, यावर आपल्या नेत्यांनीही आत्मपरीक्षण करायला हवे. सत्याग्रहानंतर पक्षाची शकले झाली, गट मोजता मोजता बोटे संपली, आणि तुरुंगातून सुटलेला कार्यकर्ता गायरानाच्या तुकड्यावर एकटा पडला. पाठपुरावा हा शब्द सभेत छान वाटतो, पण त्याला तलाठ्याच्या दारात उभे राहावे लागते.

आमच्याकडे मराठवाड्यातल्या एका पक्षकाराची फाईल आहे. त्यांचे वडील १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि परत आल्यावर त्यांनी गावच्या गायरानात चार एकर फोडले. तेव्हापासून घरातल्यांनी ते कसले. राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढून भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरवले. आमचे पक्षकार त्यात बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, तेव्हाही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगून ठेवला. पण अपवाद सिद्ध करायला कागद लागतो. गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, १९९० पूर्वीचे नाव दाखवावे लागते. आता जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली त्यांना नोटीस आली आहे. आम्ही एक-ई च्या जुन्या नकलेसाठी अर्ज केला. नोंदवही जीर्ण झाली असून ती पाने उपलब्ध नाहीत, असे लेखी उत्तर आले. जुने पीकपाहणीचे उतारे, सारा भरल्याच्या पावत्या आणि वडिलांच्या तुरुंगवासाचा दाखला आम्ही जोडला आहे. पुढची तारीख पडली आहे.